मोटेवरची लॅटिन

बद्रीनाथ पाटलाचा धर्मराज हैदराबादच्या कॉलेजात लॅटिन नावाच्या विषयात फेल झाला, हे कळलं तेव्हा पाटलाला मनातून बरं वाटलं. बापानं असं कबूल करायचं नसतं. म्हणून त्यानं घरात कपाळाला हात लावला, बायको दुर्गाबाईसमोर दोनदा 'अरे देवा' म्हटलं, आणि मळ्यात जाऊन कचरूला हसत हसत सांगितलं, की पोरगं आलं बघ घरी.

बाकीचे विषय निघाले होते. इंग्रजी निघालं, तर्कशास्त्र निघालं, इतिहासात तर चांगले मार्क होते. एका लॅटिननं गचांडी धरली. जूनमध्ये पुरवणी परीक्षा होती. तिच्यात पास झाला तर बी. ए., मग वकिली, म्हणजे आणखी चार-पाच वर्षं हैदराबाद, आणि वकील झालेलं पोरगं घनसावंगीच्या खालच्या खेड्यात येऊन ऊस थोडाच लावणार आहे. फेल झाला तर घर, मळा आणि बापाच्या डोळ्यांसमोर. पाटलाला मूल एकच. ते त्याला जवळ हवं होतं, आणि यात लाजण्यासारखं काय आहे ते मला कुणी सांगावं.

"एक डाव देतो तुला," पाटील पोराला म्हणाला. "जूनला पास झाला तर जा, सगळा खर्चा मी देतो, बिलकुल आडवा येणार न्हाई. फेल झाला तर पुस्तकं बांधून माळ्यावर टाकायची अन् मळा धरायचा. कबूल?"

"कबूल," धर्मराज म्हणाला.

"अन् तवर आयतं बसायचं न्हाई. कचरूचा गुडघा गेलाय. सकाळ-दुपार मोट तू हाकायची."

कचरू हा त्यांचा वीस वर्षांपासूनचा सालगडी. त्याचा गुडघा दुखत होता हे खरं, पण मोट सोडण्याइतका नव्हता. उन्हाळाभर बैलांमागं धावून पोराला पुस्तक उघडायला सवडच मिळू नये, असा पाटलाचा हिशेब होता. दुर्गाबाईनं तो ओळखला आणि ती दोन दिवस नवऱ्याशी बोलली नाही. पाटलानं तेही चालवून घेतलं.

आठवड्यानं जालन्याहून गिरिधर आला. तो वकिलाचा पोरगा, धर्मराजच्याच वर्गातला, आणि त्याच विषयात फेल. घरी वडील उठता-बसता बोलत होते म्हणून तो ट्रंक घेऊन मित्राकडं निघून आल्ता. सडपातळ, चष्मेवाला, ऊन लागलं की नाकातून रक्त येणारा. दुर्गाबाईला तो फार आवडला, कारण तिच्या प्रत्येक भाजीला तो चांगली म्हणायचा.

जेवताना पाटलानं दोघांना विचारलं, "कुणाची रे ही भाषा? इंग्रजाची का?"

"न्हाई काका," गिरिधर म्हणाला. "रोमन लोकांची. आता ती कुणीच बोलत नाही."

"कुणीच न्हाई?"

"हजार-दीड हजार वर्षं झाली असतील."

"मंग तुम्ही कोणाशी बोलणार हाय?"

गिरिधरनं लॅटिन घेतली ती बापाच्या हट्टानं, बॅरिस्टर व्हायचं तर ती लागते म्हणून. धर्मराजचं वेगळं होतं. तो आधी संस्कृतच्या वर्गात बसला होता. तिथले शास्त्री वाईट नव्हते, पण त्याची पाळी आली की ते म्हणायचे, पाटील, तुम्ही राहू द्या, तुमच्या जिभेला जरा जड जाईल, आणि वर्ग हसायचा. महिनाभर त्यानं ऐकून घेतलं आणि मग उठून लॅटिनच्या वर्गात गेला. तिथं पाच पोरं होती आणि एक म्हातारा गोरा प्रोफेसर, जो सगळ्यांवर सारखाच खेकसायचा. कुणाच्याच आजोबाला लॅटिन येत नव्हती. धर्मराजला ते फार बरं वाटलं. हे त्यानं बापाला त्या दिवशी ताटावर सांगितलं, आणि पाटलाचा घास थोडा वेळ हातातच राहिला.

पण बरं वाटल्यानं भाषा येत नाही. त्या भाषेत एकेका शब्दाची बारा रूपं. शेतकरी करतो तेव्हा एक रूप, शेतकऱ्याला मारलं की दुसरं, शेतकऱ्याचा बैल म्हटलं की तिसरं. एकाची सहा आणि अनेकांची सहा. वर्गात प्रोफेसर छडीनं टेबल वाजवायचा आणि पोरांनी ती एका दमात म्हणायची. धर्मराज चौथ्यावर अडकायचा. गिरिधर अडकत नव्हता, पण घाबरला की त्याची पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळीच जायची. परीक्षेत तसंच झालं होतं.

पहिले चार दिवस मोटेवर धर्मराजचे हाल झाले. बैल कचरूच्या गाण्याला सरावलेले. बैलांनी धावेवरून, म्हणजे विहिरीपासूनच्या उतारावरून, खाली जायचं की मोट विहिरीतून वर येते, आणि पाठमोरं मागं सरत वर यायचं की मोट पुन्हा पाण्यात जाते. दिवसभर एवढंच. आता गाण्याशिवाय बैल उतरेनात आणि मागं तर मुळीच सरेनात. नुसते उभे राहून रवंथ करायचे.

"काहीतरी म्हणावं लागतं त्यास्नी," कचरू पाटाच्या कडेला बसून म्हणाला. तो आता दारं धरायचा, म्हणजे वाफ्यावाफ्यांत पाणी फिरवायचा. "मुक्या माणसामागं न्हाई चालत ते."

"मला गाणी येत न्हाईत, कचरूमामा."

"मंग जे येतं ते म्हण. त्यास्नी काय अर्थ कळून राह्यलाय का."

धर्मराजला येत होतं ते एवढंच. तो नाड्यावर, म्हणजे मोटेच्या दोरावर, बसला आणि मोठ्यानं ओरडला: आग्रिकोला, आग्रिकोला, आग्रिकोलाम. बैलांनी कान हलवले आणि चालू लागले.

तिथून पुढं मजा झाली. धावेवर धर्मराजनं सहा जागा ठरवल्या. विहिरीच्या काठाशी दगड, तिथं पहिलं रूप. मग कोरांटीचं झुडूप, मग निंबाची सावली सुरू होते ती जागा, मग मुळी, मग खड्डा, आणि अगदी खाली खुंटा. बैल जसे उतरतील तसं एकाचं रूप म्हणायचं, दगडापासून खुंट्यापर्यंत. बैल मागं सरतील तसं अनेकांचं. निंबाखाली गिरिधर पुस्तक मांडीवर घेऊन बसायचा आणि म्हणून घ्यायचा. चुकलं की हात वर करायचा. आठ दिवसांत धर्मराजचं चौथ्यावर अडकणं गेलं. पंधरा दिवसांत तो एका सकाळी तीस-तीस शब्द ओढून काढायला लागला. गावातली माणसं वाटेनं जाताना थांबायची आणि विचारायची, पाटलाचं पोरगं बैलांना शिव्या देऊन राह्यलंय का मंत्र म्हणून राह्यलंय.

पाटलाचं तोंड मात्र उतरत चाललं. ज्या मोटेनं पुस्तक सुटावं असा त्याचा बेत होता, तीच मोट पोराला पास करायला निघाली होती. आणि वर कचरूही दारं धरताना तेच गुणगुणायचा. पाटलानं त्याला हटकलं.

"तुला रे काय करायचंय?"

"कानात बसलंय, मालक. निघतच न्हाई."

परीक्षेला दहा दिवस राहिले तेव्हा गिरिधरनं धर्मराजला निंबाखाली बसवलं, कागद दिला आणि सगळं लिहून दाखव म्हणाला. धर्मराजनं झरझर लिहिलं. गिरिधरनं वाचलं, चष्मा पुसला, परत वाचलं, आणि त्याचा चेहराच पडला.

एकाची सहा रूपं बराबर होती. अनेकांची सहाही बराबर होती, एक अक्षर इकडंतिकडं नाही, पण ती सगळी उलटी होती. शेवटचं पहिलं आणि पहिलं शेवटचं. बैल मागं सरताना खुंट्यापासून दगडाकडं येतात. धर्मराजनं सहावं रूप खुंट्याशी बांधलेलं, म्हणून वर येताना त्यानं सहाव्यापासून पहिल्यापर्यंत म्हटलं, आणि तसंच पाठ केलं. महिनाभर. गिरिधरला ते कळायला हवं होतं, पण मोट खाली जाताना चाक असं किंचाळायचं की निंबाखाली आवाज म्हणून यायचा नाही. त्यानं धर्मराजचे ओठ हलताना बघितले आणि ठीक असेल म्हणून सोडून दिलं.

"त्यानं काय बिघडतं?" पाटलानं विचारलं. तो उसाला बघायला म्हणून आल्ता आणि मागं उभा होता.

"सगळंच बिघडतं, काका," गिरिधर म्हणाला. "शेतकऱ्यांनी बैलाला मारलं का बैलानं शेतकऱ्यांना, हे रूप कितव्या जागेचं त्यावर ठरतं. हा परीक्षेत सगळी माणसं उलटीपालटी करून ठेवणार. आता याला दहा दिवस मोटेवरून सोडा. बसून सरळ पाठ करू द्या. न्हाईतर गेला."

"करार म्हंजे करार," पाटील म्हणाला, आणि घरी गेला.

वाटेनं त्याला हलकं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. त्यानं काही वाकडं केलं नव्हतं. शब्द दिला होता, शब्द पाळत होता, आणि पोरगं आपल्या हातानं फेल होणार होतं. दुर्गाबाईनं भाकरी वाढली तेव्हा त्यानं एक जास्त खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मळ्यात लवकर गेला. बैल अजून गोठ्यात होते. धावेवर धर्मराज एकटा होता. तो दगडापाशी उभा राहायचा, एक शब्द म्हणायचा, एक पाऊल खाली यायचा, दुसरा म्हणायचा. खुंट्याशी पोचला की पळत वर जायचा, मुकाट्यानं, तोंडावर हात घट्ट दाबून, म्हणजे चुकून उलटं तोंडातून निघू नये. वर जाऊन पुन्हा पहिल्यापासून. सगळा अंगरखा घामानं भिजला होता. बैल जुंपायच्या आधी जेवढं होईल तेवढं करून घ्यायचं, बापाला काही मागायचं नाही, असं त्यानं ठरवलेलं दिसत होतं.

पाटील उसाच्या आड उभा राहिला. पोराचा तोंडावर दाबलेला हात त्याला बघवेना. लहानपणी मार खाताना रडू ऐकू जाऊ नये म्हणून धर्मा असाच हात दाबायचा, आणि मारणारा बाप हाच होता. पाटलाला स्वतःची लाज वाटली. तो बाहेर आला.

"जा, निंबाखाली बस," तो म्हणाला. "दहा दिवस मोट मी हाकतो."

"पण करार..."

"करार मी केल्ता. मीच मोडून राह्यलोय. जा जल्दी."

पाटलानं वीस वर्षांत मोटेला हात लावला नव्हता. बैल जुंपले, नाड्यावर बसला, हो-हो म्हणाला. बैल कसेबसे उतरले. पण मागं सरायची वेळ आली तशी दोघंही खुंट्याशी ठाण मांडून उभे राहिले. मोट वर लटकत राहिली. पाटलानं चुचकारलं, दटावलं, आसूड दाखवला. काही नाही.

पाटावरून कचरू म्हणाला, "मालक, त्यास्नी लीस-लीस पाहिजे."

"काय पाहिजे?"

"आग्रिकोलीस, आग्रिकोलीस. तिथून सुरू होतं मागं यायचं."

निंबाखाली दोघं कॉलेजवाले माना खाली घालून बसले होते, हसू दाबत. पाटलानं चारी बाजूंना बघितलं. मग घसा साफ केला आणि हळूच म्हणाला, आग्रिकोलीस, आग्रिकोलीस. बैल मागं सरले.

दहा दिवस पाटलानं मोट हाकली आणि कचरूनं त्याला एकेक शब्द पुरवला. रोमन लोक कोण, कुठले, कशासाठी मेले, याची पाटलाला काही पंचाईत नव्हती. पण तिसऱ्या दिवशी त्यानं गिरिधरला विचारलं की या आग्रिकोलाचा अर्थ काय. शेतकरी, गिरिधर म्हणाला. पाटील म्हणाला, मंग ठीक हाय.

परतूरच्या स्टेशनापर्यंत त्यानं स्वतः बैलगाडीनं दोघांना पोचवलं. गाडीत धर्मराज सरळ म्हणत होता, दगडापासून खुंट्यापर्यंत, पुन्हा दगडापासून खुंट्यापर्यंत, आणि कुठंही उलटा जात नव्हता. पोरगं पास होणार हे पाटलाला तिथंच कळलं. परत येताना गाडीत तो एकटा होता आणि त्याला फार वाईट वाटलं.

जुलैत गिरिधरचं कार्ड आलं. दोघंही पास. गिरिधरला जास्त मार्क होते, कारण महिनाभर पुस्तक त्याच्या मांडीवर होतं. धर्मराज काठावर सुटला होता, पण सुटला होता. खाली धर्मराजची एक ओळ: बी. ए. ला नाव घातलं, खोली घेतली, पैसे पाठवा. दुर्गाबाईनं गावात साखर वाटली. पाटलानं शब्दाप्रमाणे पैसे पाठवले.

पावसाळा सरल्यावर पुन्हा मोट लागली. कचरूचा गुडघा आता खरोखरच गेला होता. दुसरा गडी बघता आला असता, पण पाटील म्हणाला, मी हाकतो. दुर्गाबाईनं विचारलं, या वयात कशाला. त्यानं सांगितलं की बैल दुसऱ्याचं ऐकत नाहीत. हे निम्मं खरं होतं. बाकीचं निम्मं असं, की धावेवर उभं राहून ते शब्द म्हटले की पोरगं आसपास असल्यासारखं त्याला वाटायचं. हैदराबादेत कुठल्यातरी खोलीत धर्माही हेच म्हणत असेल, दोघं एकच काम करून राह्यलोय, असं त्याच्या डोक्यानं घेतलं होतं. त्यावर त्यानं महिना काढला.

एक अडचण होती. मागं येताना सहापैकी एका ठिकाणी, निंबाच्या सावलीशी, त्याचा शब्द हरवला होता. कचरूचाही हरवला. कचरू एक म्हणायचा, पाटील दुसरं म्हणायचा, दोघांनाही ते बरोबर वाटायचं नाही. वाद व्हायचे. शेवटी ठरलं, की धर्मा दिवाळीला आला की त्याला विचारायचं. तोवर त्या जागी पाटील नुसता 'हं' म्हणायचा, आणि बैलांनाही त्याची सवय झाली.

धर्मराज दिवाळीला आला. केस मागं वळवलेले, पायात बूट, खिशाला फाउंटनपेन. आईशी बोलला, शेजारी जाऊन आला, आणि दुसऱ्या दिवशी मळ्यात आला तेव्हा मोट चालूच होती. पाटलानं त्याला लांबून पाहिलं आणि आवाज चढवला. उतरताना सहाच्या सहा खणखणीत म्हटली. वर येताना लीस-लीसपासून सुरू केलं, निंबाच्या सावलीशी आला आणि मुद्दाम थांबला.

"इथं काय येतं रे?" त्यानं विचारलं. कचरूही दारं सोडून, कुदळ टेकत जवळ आला होता.

"कुठं?"

"इथं. या सावलीत. रुमच्या नंतर. माझं अन् कचरूचं महिनाभर भांडण चालून राह्यलंय."

धर्मराज हसला. मग त्याला दिसलं की दोघं म्हातारे खरंच थांबले आहेत. तो दगडापाशी गेला, तिथून म्हणायला लागला, दुसऱ्यावर आला, तिसऱ्यावर अडखळला. परत दगडापाशी गेला. परत तिसऱ्यावर थांबला.

"गेलं, दादा," तो म्हणाला. "बी. ए. ला लॅटिन न्हाईच मला. परीक्षेच्या दुसऱ्या दिवसापासून पुस्तक उघडलं न्हाई. पुस्तकसुद्धा विकलं."

"विकलं?"

"पुढच्या वर्षीच्या पोराला. आता काय कामाचं ते? पास झालो ना."

"बराबर हाय," पाटील म्हणाला.

धर्मराजनं सांगितलं की पाहिजे तर गिरिधरला पत्र घालून विचारतो. पाटील म्हणाला, राहू दे. मग धर्मराज कायद्याविषयी बोलला, हैदराबादेत कुठल्या वकिलाच्या हाताखाली बसणार ते बोलला, तिकडंच बिऱ्हाड करावं लागेल हेही बोलला, आणि ऊन फार आहे म्हणून घरी गेला. परतूरला गाडी हलली त्या दिवशी पोरगं गेलं असं पाटलाला वाटलं होतं. तेव्हा ते गेलं नव्हतं. ते आत्ता गेलं. त्यानं नाड्याला धरून ठेवलं.

कचरू परत दारं धरायला गेला, कारण पाणी दुसऱ्याच वाफ्यात शिरत होतं. बैल मान वळवून पाटलाकडं बघत होते. पाटलानं त्या जागी 'हं' म्हटलं, बैल दगडापर्यंत मागं घेतले, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.